पावणेदोन पौंडांची काठी

काठी, रीळ आणि दोरी ह्या तीन वस्तू दुकानात वेगवेगळ्या मिळतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. काठी आपण हातात घेऊन हलवून पाहतो, रीळ चकाकते म्हणून आवडते आणि दोरीच्या वेष्टनावरचा आकडा जितका मोठा तितकी ती चांगली, असे समजून मोकळे होतो. तिन्ही वस्तू उत्तम असतात, आणि तरीही त्या एकत्र आल्या की निकामी ठरू शकतात. हे मला कळायला साठी उलटावी लागली. कळले तेही लोणावळ्याला किंवा पवईला नव्हे, तर इंग्लंडमध्ये, रेडिंग गावात, मुलीच्या घरामागच्या बागेत.

२०२३ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे होतो. रेडिंगमध्ये केनेट नावाची नदी थेम्सला मिळते. नदी कसली, आपल्याकडे हिला मोठा ओढा म्हणतील. पण तळाशी स्वच्छ गोटे, वर लांब हिरवे शेवाळ लोळत असलेले आणि पाण्याला चांगली ओढ. ह्या नदीत बार्बेल नावाचा मासा आहे आणि त्याच्यासाठी माणसे वेडी होतात. तिकडे नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते. १६ जून उजाडला की काठावर छत्र्या, खुर्च्या आणि थर्मास घेऊन मंडळी हजर. मी तरुणपणी थोडी मासेमारी केलेली. त्यामुळे मलाही उमाळा आला आणि मी गावात जाऊन काठी, रीळ, दोरी घेऊन आलो. सरकारी परवानाही काढला. त्यावाचून तिथे गळ पाण्यात पडत नाही.

शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. पन्नास वर्षे केनेटवर बार्बेल पकडत आणि सोडत आलेले. पकडून परत सोडायचे, हा तिकडचा रिवाज. खायचा नसेल तर पकडायचा कशाला, हा प्रश्न माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेले नाही. असो. मी कुंपणावरून माझी खरेदी त्यांना दाखवली. त्यांनी काठी पाहिली, मान डोलावली. दोरी पाहिली, गप्प राहिले. रीळ हातात घेतले आणि विचारले, ‘‘हे नातवासाठी का?’’

बार्बेलला मराठीत नाव नाही. असण्याचे कारणही नाही. पण त्याचा सख्खा नसला तरी चुलत म्हणावा असा भाऊ आपल्याकडे आहे, तो म्हणजे महाशीर. बार्बेलच्या तोंडाशी चार मिशा लोंबतात. लॅटिनमध्ये दाढीला ‘बार्बा’ म्हणतात, त्यावरून हे नाव. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची नोंद केली, तेव्हा १८३९ साली आपल्या महाशीरला त्याने ह्याच बार्बस कुळात घातले आणि ‘खुद्री’ हे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांनी कूळ बदलले, पण स्वभाव सारखाच राहिला. दोघेही वाहत्या पाण्याच्या तळाशी राहणारे, दोघांचेही अंग दंडासारखे पिळदार, आणि गळ लागला की दोघेही वर उड्या मारून तमाशा करत नाहीत. सरळ खाली मुंडी घालून प्रवाहाच्या जोरावर धावत सुटतात. त्या पहिल्या धावेतच सगळा निकाल लागतो.

हे सगळे माहीत असूनही मी नातवाचे रीळ घेऊन आलो होतो. शेजाऱ्यांनी स्वयंपाकघरातून स्प्रिंगचा ताणकाटा आणला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

माझ्या काठीच्या मुठीवर बारीक अक्षरांत ‘१.७५ पौंड’ असे लिहिलेले होते. मला वाटले, हे काठीचे वजन. मग वाटले, एवढ्या वजनाचा मासा उचलेल. दोन्ही चूक. मूठ आडवी घट्ट धरायची, टोकातून दोरी काढून ती ताणकाट्याला बांधायची आणि टोक मुठीशी काटकोन करीपर्यंत ओढायचे. त्या क्षणी काटा जे वजन दाखवील, तो काठीचा आकडा. आम्ही ओढले. काटा ७९० ग्रॅमच्या आसपास थांबला, म्हणजे बरोबर पावणेदोन पौंड. बारा फूट लांबीची, पावणेदोन पौंडांची काठी ही बार्बेलसाठी तिकडे सर्वसाधारण समजली जाते. नदीला पूर आला आणि जड शिसे वापरायचे असेल, तर दोन-सव्वादोनची घेतात.

आता ह्या आकड्यावरून दोरी कशी ठरवायची? काठीच्या आकड्याला पाचाने गुणा. पावणेदोन पंचे पावणेनऊ, म्हणजे सुमारे चार किलो ताकदीची दोरी. रिचर्ड वॉकर नावाच्या पट्टीच्या मासेमाराच्या नावावर हे गणित सांगितले जाते. हे गृहस्थ शिक्षणाने इंजिनियर. १९५२ साली रेडमायरच्या तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा कार्प पकडला होता, आणि तोही स्वतः घडवलेल्या बांबूच्या काठीवर. पाचाचा आकडा काही देवाने दिलेला नाही. काठी लवचिक असेल तर चारापर्यंत उतरता येते, ताठ असेल तर सहापर्यंत चढता येते. केनेटचे गोटे आणि बुडालेली झाडे पाहता शेजाऱ्यांनी साडेदहाचा हिशेब धरून दहा पौंडी दोरी सांगितली. मी आणली होती ती सहा पौंडी. दुकानातल्या पोराने ‘हिच्यावर मासा खेळवायला मजा येते’ असे सांगितले होते.

दोरी काठीपेक्षा फार दुबळी असेल तर काय होते? काठी वाकायच्या आधीच दोरी तुटते. काठीचे काम झटका सोसण्याचे. ते करायची संधीच तिला मिळत नाही. उलट दोरी फार दणकट घेतली तर काठी मोडेल, नाहीतर गळ सरळ होईल, आणि गळ अडकला तर अख्खी दोरी नदीत राहील. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखा हा प्रकार आहे. काही ना काही जाणारच असेल, तर काय आधी जावे हे आपण अगोदर ठरवून ठेवायचे. म्हणूनच गळाला लागून जो दीड-दोन फुटांचा तुकडा बांधतात, तो मुख्य दोरीपेक्षा जरा कमी ताकदीचा घेतात. तुटले तर तिथेच तुटावे आणि माशाच्या तोंडाला वीतभर दोरी राहावी, पन्नास हात नव्हे. शिसेसुद्धा असे अडकवतात की वेळ आली तर ते सुटून खाली पडावे.

शिवाय वेष्टनावरचा आकडा हा कोऱ्या, सरळ दोरीचा. गाठ मारली की ती ताकद कमी होते. किती, ते गाठीवर आणि गाठ मारणाऱ्यावर अवलंबून. नायलॉन पाणी पितो आणि भिजल्यावर आणखी थोडा दुबळा होतो. गाठ आवळताना ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची, कारण कोरडी आवळली तर घर्षणाने तापून नायलॉन तिथल्या तिथे खराब होतो. डोळ्यांना काही दिसत नाही. विणलेली दोरी घ्यावी म्हटले तर ती तेवढ्याच ताकदीला फार बारीक असते आणि गोट्यांवर घासून झिजते. बार्बेलच्या नदीत जाडीला किंमत आहे.

आता रीळ. आपण ज्याला साधे रीळ म्हणतो, ज्याची दांडी फिरवली की तार भोवती फिरून दोरी गुंडाळते, त्याचे पेटंट १९०५ साली इलिंगवर्थ नावाच्या ब्रॅडफर्डच्या गिरणीमालकाने घेतले. गिरणीतल्या चात्यावरून सुताचा धागा टोकाकडून कसा सुळकन सुटतो, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. परळ-लालबागच्या ज्या वाचकांनी साच्यांवर दिवस काढले असतील, त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांपुढे उभे राहील. ह्या रिळाला एक क्लच असतो. ठरावीक ताण आला की चाती घसरते आणि माशाला दोरी मिळते. तो ताण किती ठेवायचा, हे बहुतेक लोक बोटांनी ओढून ठरवतात. शेजाऱ्यांनी ताणकाटा लावला. दोरीच्या ताकदीच्या पाव ते फार तर तिसरा हिस्सा, आणि मोजायचे ते काठी वाकवून, दोरी सगळ्या कड्यांतून ओवून. कारण प्रत्येक कडीवर दोरी घासते आणि ताण वाढवते. रिळापाशी मोजलेला आकडा आणि माशाला जाणवणारा आकडा वेगळे असतात.

आणि मग त्यांनी माझे छोटे रीळ उचलले, त्यावर दोरी काठोकाठ भरली, क्लच लावून ओढले. काट्याने एक आकडा दाखवला. नंतर निम्म्याहून अधिक दोरी बागेत ओढून काढली, क्लचला हात न लावता पुन्हा ओढले. आकडा जवळजवळ दीडपट झाला होता.

क्लच तोच. पण चातीवरची दोरी कमी झाली की तिचा घेर कमी होतो, आणि लहान घेरावरून तीच चाती फिरवायला जास्त ओढावे लागते. विहिरीवरचा रहाट ज्याने ओढला आहे त्याला हे कळेल. मोठ्या रिळात दोनशे वार दोरी मावते; मासा चाळीस वार घेऊन गेला तरी घेरात फारसा फरक पडत नाही. लहान रिळात जाड दोरी भरली तर ती मुळातच कमी मावते, आणि मासा जसजसा लांब जातो तसतसा आपण काहीही न करता ब्रेक आवळला जातो. म्हणजे मासा जितका मोठा आणि जितका दूर, तितका धोका अधिक.

मी बागेतल्या खुर्चीवर बसलो. शेजाऱ्यांना वाटले ऊन लागले.

१९८६ साली मी मावळातल्या एका शाखेत नवा अधिकारी म्हणून रुजू झालो. सत्तावीस वर्षांचा होतो आणि सही करायला मिळते ह्याची ऐट होती. शाखेचे हेडकॅशिअर माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठे. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणे. ते मला ‘साहेब’ म्हणत. नको म्हटले तरी म्हणत. नानांकडे बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली जुनी विलायती काठी होती. रेल्वेतल्या कुणा साहेबाने जाताना त्यांच्या वडिलांना दिलेली. पावसाळा सरला की रविवारी नाना नदीवर जात. कणकेचा गोळा गळाला लावून तासन् तास बसत, आणि मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. देवळाखालच्या डोहात मात्र ते कधी गळ टाकत नसत. तिथले मासे देवाचे.

एका रविवारी नानांनी काठी माझ्या हातात दिली. ‘‘आज तुम्ही धरा, साहेब.’’ रीळ माझे होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने आणून दिलेले. तेव्हा बाहेरच्या वस्तूचे अप्रूप फार. लहानसे, निळे, सुरेख. त्यावर जुना तंगूस होता, वरून साठ मीटर नवा पंधरा पौंडी तंगूस जोडून मी ते भरले होते. सगळा नवा घ्यायचे पैसे नव्हते असे नाही, जुना टाकवेना. जोडाची गाठ आदल्या रात्री खोलीवर बसून मारली. कोरडी. क्लच आवळला अंदाजाने, चांगला घट्ट, कारण मोठा मासा आला तर सुटू नये.

मोठा मासा आला. नानांच्या अंदाजाने दहा-बारा किलोचा महाशीर. त्याने खाली प्रवाहाकडे जी धाव घेतली ती मी अजून हातात अनुभवू शकतो. जोडाची गाठ कड्यांतून टक्‌-टक्‌-टक्‌ करीत बाहेर गेली. मग जुना तंगूस जाऊ लागला. रिळाचा आवाज हळूहळू खालच्या पट्टीत उतरत गेला, आणि मग एकदम काठी सरळ झाली.

नाना काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी, भर कामाच्या वेळी, एक गुराखी पोरगा कॅशच्या खिडकीशी आला. त्याने काटकीला नीट गुंडाळलेला तंगूस आणला होता. दोन वळणे खाली करंजाच्या मुळ्यांत दोरी गुरफटली होती आणि तिच्या टोकाला मासा मेला होता. मासा घरच्यांनी खाल्ला नाही, वास येत होता. दोरी मात्र किमती दिसली म्हणून परत द्यायला आला. नानांनी त्याला स्वतःच्या खिशातून दोन रुपये दिले. साठ मीटर होती. एका टोकाला गळ, दुसऱ्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा कुरळा झालेला तंगूस.

सदतीस वर्षे मी हा प्रसंग सांगत आलो, तो तंगूस खराब निघाला म्हणून. एका कादंबरीत नाव-गाव बदलून वापरला, तिथेही दोष तंगुसावरच ठेवला. रेडिंगच्या बागेत मी शेजाऱ्यांना कुरळ्या टोकाबद्दल विचारले. ते लगेच म्हणाले, ‘‘म्हणजे दोरी तुटली नाही. गाठ घसरली.’’

रात्री कागदावर आकडेमोड केली, बँकेतली सवय. पंधरा पौंडी तंगूस, गाठ कोरडी, तेव्हा तिची ताकद नऊ पौंड धरली तरी खूप. क्लच घट्ट, म्हणजे सात पौंड तरी असणार. निम्मी दोरी गेल्यावर त्याचे झाले दहा-साडेदहा. कड्यांचे घर्षण वेगळेच. ताळेबंद जुळला. काठीत दोष नव्हता, तंगुसात दोष नव्हता, रीळही त्याच्या जागी चांगले होते. तळहाताएवढ्या माशांसाठी केलेले होते. पंधरा पौंडी दोरी त्याच्यावर भरणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी रीळ बदलून आणले. दहा पौंडी दोरी काठोकाठ, म्हणजे काठाच्या एक-दोन मिलिमीटर खाली, एकसंध भरली. क्लच काट्यावर अडीच पौंडांना लावला. आमिष म्हणून डब्यातले पोर्कचे मांस आणि भोवती टाकायला उकडलेले भांगेचे बी. केनेटवरचे सज्जन म्हातारे किलोकिलोने भांगेचे बी विकत घेतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, ह्याची मला गंमत वाटली.

जरा विषयांतर करतो. ह्याच केनेटमधून १९५६ साली बार्बेल उचलून सेव्हर्न नदीत नेऊन सोडले. आधी तिथे ते नव्हते. आज सेव्हर्न बार्बेलसाठी नावाजलेली आहे. आपल्याकडे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महाशीरची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्ले दूरदूरच्या पाण्यांत गेली, कावेरीतही गेली. कावेरीचा मूळचा मोठा, नारिंगी पंखांचा महाशीर मात्र आज नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि अभ्यासक ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. मासा कुठे सोडावा, हा कसा पकडावा ह्यापेक्षा अवघड प्रश्न दिसतो.

तिसऱ्या संध्याकाळी मला बार्बेल लागला. खुंटाळीवर ठेवलेली काठी अशी ओढली गेली की बाजूला बसलेल्या शेजाऱ्यांनी ती झडप घालून धरली आणि माझ्या हातात दिली. मासा खाली निघाला. काठी मुठीपर्यंत वाकली, आणि मग रीळ एका सुरात, न चढता न उतरता, दोरी देऊ लागले. मी काही करत नव्हतो. चार मिनिटांत तो जाळ्यात होता. साडेसहा पौंड, सोनेरी-तपकिरी, मिशा थरथरणाऱ्या. सहा पौंडी दोरीवर हीच झटापट पंधरा मिनिटे चालली असती, असे शेजारी म्हणाले. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. इतका दमवलेला बार्बेल सोडल्यावर पोहत जातो आणि पुढच्या वळणावर उलटा होतो. बारीक दोरीने मोठा मासा पकडण्याला लोक मर्दुमकी म्हणतात. शेजाऱ्यांनी त्याला जो शब्द वापरला तो छापता येणार नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरून मासा पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून, सरळ उभा धरायला लावला. त्याचे कल्ले जोराने उघडमीट करायला लागेपर्यंत सोडायचा नाही. पाच-सहा मिनिटे गेली, माझे गुडघे भरून आले. मग एकाएकी हात रिकामे झाले.

पुण्याला परतल्यावर नानांना फोन केला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, तळेगावला मुलाकडे असतात, ऐकायला कमी येते. मी म्हटले, ‘‘नाना, तो तंगूस खराब नव्हता. जोडाची गाठ घसरली.’’ दोनदा मोठ्याने सांगावे लागले.

‘‘गाठ मी सकाळीच पाहिली होती, साहेब,’’ नाना म्हणाले. ‘‘काठीवर रीळ चढवताना.’’

मी विचारले, मग बोलला का नाहीत?

‘‘तुम्ही नवीन साहेब होता. आणि रीळ फॉरेनचे होते.’’ थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारले, त्या गोऱ्याने काठीचे माप काढले ते कसे. ताणकाटा कुठे बांधायचा, मुठीला की टोकाला. काठी अजून माळ्यावर आहे म्हणाले, पोत्यात गुंडाळून. रविवारी काटा घेऊन या.